खेळाडू पिऊन गाडी चालवतो तेव्हा टीव्हीवरचे वकील नेमकं काय सांगतात?

टिळकवाडीकर
परवा रात्री जेवताना यूट्यूबवर एक चर्चा लावली होती. चार वकील, एक निवेदक, विषय प्रसिद्ध खेळाडू आणि सेलिब्रिटींचे ड्रंक अँड ड्राइव्हचे खटले. फुटबॉलवाला वेन रूनी, पोहणारा मायकेल फेल्प्स, गोल्फवाला टायगर वूड्स, आपला विनोद कांबळी, सलमान खान, सगळे एकाच परातीत. पहिले वकील म्हणाले कायदा सगळ्यांना सारखा. दुसरे म्हणाले उलट नामांकित माणसालाच जास्त भोगावं लागतं. तिसऱ्यांनी जाहिराती गेल्या की खेळाडूचं किती नुकसान होतं ते कळवळून सांगितलं. चौथ्या एक बाई होत्या, त्यांना कुणी बोलूच देईना.

बाबा आमटीत भात कालवत ऐकत होते. त्यांनी गणपत गल्लीत चाळीस वर्षं कापडाचं दुकान चालवलंय, गिऱ्हाईक काय बोलतंय आणि काय लपवतंय ते त्यांना लगेच कळतं. चर्चा संपल्यावर म्हणाले, "पाऊण तास झाला. त्या रात्री पोलिसानं काय करायला पाहिजे होतं ते ह्यातलं कुणी बोललं का रे? आणि गाडीखाली आला त्याचं काय झालं?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून इथं विचारतोय. या चर्चांमधून आपल्याला कायदा कळतो, की नुसतं कुणाचं काय होणार याची करमणूक होते? कोर्टात वावरणारे कुणी असतील तर लिहा.

कुंदाप्रेमी
चौथ्या बाईंनाच खरं माहीत असणार. म्हणून तर बोलू दिलं नाही.

अनगोळची मंजू
बाबांना नमस्कार सांगा. सलमान खानच्या २००२ च्या वांद्र्याच्या अपघातात बेकरीबाहेर झोपलेला एक माणूस गेला आणि चारजण जखमी झाले. गेलेल्याचं नाव या धाग्यावरच्या कितीजणांना आठवतंय? मलाही आत्ता शोधावं लागलं. गाडी कुठल्या कंपनीची होती ते मात्र न शोधता सांगता आलं असतं.

पैलवान गडी
काय वाईट बोलालाय सगळी. खेळाडू म्हणजे दारुडा असं नसतंय. आमच्या तालमीत वस्तादांनी वास जरी आला तरी लंगोट काढून घरी पाठवलंय. चार लोकांपायी सगळ्या खेळाडूंना बदनाम करू नका.

वकील, कोर्ट रोड
बेळगावच्या कोर्टात एकोणीस वर्षं फौजदारी करतोय. थोडं सविस्तर लिहितो.

मोटार वाहन कायद्याचं कलम १८५. रक्तात दर १०० मिलीला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य सापडलं की गुन्हा. पहिल्यांदा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. परत सापडला तर २ वर्षांपर्यंत किंवा १५,००० किंवा दोन्ही. ही रक्कम १ सप्टेंबर २०१९ पासूनची, त्याआधी पहिल्या गुन्ह्याला २,००० होते. एवढं टीव्हीवर कुणीही सांगतं, गुगलवर असतं.

टीव्हीवर येत नाही ते कलम २०२. १८५ खाली अटक केली तर अटकेपासून दोन तासांच्या आत डॉक्टरकडून तपासणी व्हायला पाहिजे, नाहीतर त्याला कोठडीतून सोडावं लागतं. सोडलं म्हणजे खटला मेला असं नाही, पण पुढं पुराव्याला जी गळती लागते ती तिथून. आता डोळ्यांपुढं आणा. रात्री अकरा वाजता चोर्ल्याकडून येणारी गाडी कणकुंबीजवळ धडकली. तिथून जांबोटीमार्गे बेळगाव पन्नासेक किलोमीटर, पावसाळ्यात धुकं. जखमीला आधी हलवायचं, गाडी बाजूला काढायची, महजर करायचा, अटक दाखवायची. घड्याळ चालू झालेलं असतं.

(महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी: तुम्ही पंचनामा म्हणता त्याला आमच्याकडं महजर म्हणतात. माझ्या पक्षकारांनाही दरवेळी सांगावं लागतं.)

माणूस मेला असेल तर खरा झगडा कलमाचा. निष्काळजीपणानं मृत्यू, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं ३०४-अ, कमाल २ वर्षं. नव्या भारतीय न्याय संहितेत ते १०६ झालं आणि कमाल ५. की सदोष मनुष्यवध, जुनं ३०४ भाग दोन, आताचं १०५, कमाल १० वर्षं. फरक एका शब्दाचा, ‘जाणीव’. पिऊन चालवलं तर माणूस मरू शकतो हे त्याला माहीत होतं का. वांद्र्याच्याच कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ ला अॅलिस्टर परेराच्या गाडीखाली फुटपाथवर झोपलेले ७ मजूर गेले. रक्तात मद्य ०.११२ टक्के, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ चौपट. सत्र न्यायालयानं ३०४-अ धरून सहा महिने दिले, उच्च न्यायालयानं ३०४ भाग दोन लावून ३ वर्षं केली, सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये ती कायम ठेवली. तो ना खेळाडू, ना नट. म्हणून या निकालावर चर्चा रंगत नाही. वकिलांना मात्र तोच रोज लागतो.

कोगनोळी नाका
वकीलसाहेब, फी कुठं पाठवायची?

वकील, कोर्ट रोड
समादेवी गल्लीतून पाव किलो कुंदा. पावती नको.

येळ्ळूर ते लंडन
इकडं राहून चौदा वर्षं झाली, म्हणून फरक सांगतो. इथं अटक झाली की प्रकरण ‘चालू’ धरलं जातं आणि १९८१ च्या न्यायालय अवमान कायद्याची टांगती तलवार येते. टीव्हीवरचा वकील "तो दोषीच आहे" असं बोलायला धजत नाही. मग तो काय बोलतो? तक्ता उघडतो.

मर्यादा श्वासात १०० मिलीला ३५ मायक्रोग्रॅम. शिक्षेच्या मार्गदर्शक सूत्रांत आकड्यांचे टप्पे पाडलेत. ६० ते ८९ आकडा आला तर १७ ते २२ महिने गाडी बंद. ९० ते ११९ आला तर २३ ते २८. रूनीचा आकडा १०४. १ सप्टेंबर २०१७ ला पकडला, १८ सप्टेंबरला कोर्टात गुन्हा कबूल, २४ महिने गाडी बंद, १०० तास बिनपगारी समाजकाम. एव्हर्टन क्लबानं दोन आठवड्यांचा पगार कापला तो वेगळा. ह्यूगो लोरिस, फ्रान्सचा गोलकीपर, जुलै २०१८ मध्ये विश्वचषक उचलला आणि ऑगस्टमध्ये लंडनात सापडला. आकडा ८०. वीस महिने बंदी आणि ५०,००० पौंड दंड. तक्त्याशी ताडून बघा, दोघं बरोबर आपापल्या खणात बसतात. निकालाआधीच शेजारच्या म्हातारीनंसुद्धा अंदाज बरोबर सांगितला असता.

असा तक्ता असला की वकिलाला मोठं बोलायला जागाच उरत नाही. आपल्याकडं जागाच जागा.

अनगोळची मंजू
सतरा दिवस! आणि इकडं २००२ चा अपघात, शिक्षा ६ मे २०१५ ला, सुटका १० डिसेंबर २०१५ ला.

कुंदाप्रेमी
रूनीला बेळगावात पकडला असता तर अजून तारीखच पडत असती. निवृत्त होऊन, कोच होऊन, नातवंडं घेऊन आला असता हजेरीला.

निवृत्त जमादार
वकीलसायबांनी घड्याळाचं बरोबर लिवलंय. पण आमची बाजू पण ऐका की ओ. मी ३१ वर्षं खात्यात होतो, त्यातली सात घाटातल्या ठाण्यात. ठाण्याचं नाव सांगत नाही.

रात्री ठाण्यात तिघं. त्यातला एक वायरलेसवर. श्वास तपासायचं यंत्र एक, त्याची नळी दर माणसाला नवी लागते, त्या संपलेल्या. असा प्रसंग मी पाहिलाय. धरलेला कोण? ज्याचं पोस्टर चौकात लागलंय असा. गाडीतनं उतरायच्या आधी त्यानं फोन लावलेला. आमच्या सायबांच्या फोनवर तीन मिनिटांत दुसरा फोन. मी खोटं बोलत नाही, "सोडा" असं कुणी म्हणालं नाही. "जरा सांभाळून घ्या, नाव मोठं हाय, चूक होऊ देऊ नका" एवढंच. मग चूक होऊ नये म्हणून सगळं सावकाश. महजर दोनदा लिहिला. पंच शोधायला पाठवला. डॉक्टरला निरोप. तोवर त्यानं दोन बाटल्या पाणी आणि चार चहा ढोसले.

टीव्हीवाले म्हणतात पैसे खाल्ले. दरवेळी पैसे नसतात ओ. नुसता सावकाशपणा पुरतो.

टिळकवाडीकर
जमादारकाका, हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. बाबांना वाचून दाखवलं. ते "हं" म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

डॉक्टर, शहापूर
पाणी-चहानं मद्य उतरत नाही, गैरसमज नको. उतरतं ते वेळेनं. साधारण माणसाच्या रक्तातलं प्रमाण तासाला १० ते २० मिलिग्रॅमनं खाली येतं. म्हणजे अपघाताच्या वेळी ७० असेल आणि नमुना तीन तासांनी घेतला, तर आकडा ३० च्या आसपास घुटमळणार. प्रसिद्ध माणसाला निर्दोष ठरवायला कुणी खोटं लिहायची गरज नाही, डॉक्टरला उशिरा उठवलं की झालं.

दुसरं, नमुना घेताना सुईची जागा स्पिरिटनं पुसायची नाही. नर्सला सवयच असते, हात आपोआप स्पिरिटच्या बाटलीकडं जातो. रक्ताच्या बाटलीत सोडियम फ्लोराइड घालावं लागतं, नाहीतर रक्त आंबून आकडा बदलू शकतो. सील, लेबल, वेळ, सही. यातलं एक जरी राहिलं तर वर्षभरानं कोर्टात उलटतपासणीत माझीच सालं निघतात. मी एकदा साक्ष दिलीय. आरोपी साधा ट्रकवाला होता, त्याचा वकील तरुण होता, तरी त्यानं पाऊण तास फक्त त्या बाटलीवर घालवला. बाहेर आल्यावर माझा शर्ट पाठीला चिकटला होता. मोठ्या माणसाचा वकील काय करत असेल!

आणि ते जुनं प्रमाणपत्र आठवतंय का? ‘मद्यप्राशन केले आहे, परंतु अंमलाखाली नाही.’ अर्धं राज्य त्यावर सुटलंय.

वकील, कोर्ट रोड
डॉक्टरांच्या शेवटच्या वाक्यावर. १९७१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, बच्चूभाई हसनअली कर्यानी. तोंडाला वास, चाल डळमळीत, बाहुल्या मोठ्या, बोलणं अडखळत, एवढ्यावर माणूस प्यालेला होता असं ठरवता येत नाही, रक्ताची तपासणी हवी. बचावाचा वकील हा निकाल खिशात घेऊनच फिरतो.

पण याची दुसरी बाजू चर्चेत येतच नाही. विम्याचा दावा असेल तर कोर्ट वेगळ्या तराजूनं तोलतं. दिल्लीत इंडिया गेटजवळ २००७ मध्ये एक पोर्शे उलटली, मालक कंपनीनं विमा मागितला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं की श्वासाची किंवा रक्ताची चाचणी झाली नसली तरी परिस्थितीवरून चालक प्यालेला होता हे विमा कंपनी सिद्ध करू शकते. दावा गेला. म्हणजे तीच रात्र, तोच वास, फौजदारीत ‘सिद्ध नाही’ आणि विम्यात ‘सिद्ध’. टीव्हीवर कुणी म्हणालं की "कोर्टानं सोडलं म्हणजे प्यालाच नव्हता", तर ते कायद्याचं बोलणं नव्हे.

पैलवान गडी
म्हणजे सलमान प्याला होता की नव्हता? एका शब्दात सांगा की.

वकील, कोर्ट रोड
पैलवान, एका शब्दात सांगणारा वकील दिसला की पाकीट सांभाळा. सरकारी पक्षाचं म्हणणं होतं की रक्तात ६२ मिलिग्रॅम आलं. उच्च न्यायालय म्हणालं की प्याला होता आणि तोच चालवत होता, हे दोन्ही संशयापलीकडं सिद्ध झालेलं नाही. जो पोलीस शिपाई संरक्षणाला गाडीत होता त्याचा जबाब मुख्य पुरावा होता. तो २००७ मध्येच वारला, त्याच्या साक्षीवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही असं न्यायालयानं धरलं. ड्रायव्हर २०१५ मध्ये येऊन म्हणाला मी चालवत होतो. मधली कितीतरी वर्षं ३०४-अ की ३०४ भाग दोन यातच गेली. राज्य सरकार पुढं सर्वोच्च न्यायालयात गेलं. शिक्षा झाली त्याच संध्याकाळी अंतरिम जामीन कसा मिळाला, यावर तेव्हा चॅनेलवाल्यांनी दोन दिवस काढले. नमुन्यावर दोन मिनिटं.

खानापूरचा वाघ्या
मुद्द्याला सोडून विचारतो, पण गोव्यातनं येताना दोन सीलबंद बाटल्या आणल्या तर नाक्यावर काय होतं? मित्रासाठी विचारालोय.

कोगनोळी नाका
मित्राचं नाव वाघ्या असणार.

निवृत्त जमादार
पोटातनं आणली तर १८५, डिक्कीतनं आणली तर अबकारी. मित्राला सांगा, काजू आणा.

संपादक मंडळ
बाटल्यांसाठी वेगळा धागा काढा. इथं विषयावर राहा.

मंगळवार पेठ
मला वकीलसाहेबांचं पूर्ण पटलं नाही. चर्चा करणाऱ्यांना सरसकट नावं ठेवू नका. १९ मे २०२४, पुणे, कल्याणीनगर. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे, दोन तरुण इंजिनियर गेले. बाल न्याय मंडळानं जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. त्यावर टीव्हीवर, मोबाइलवर, चहाच्या टपरीवर जो गोंधळ झाला त्यानंतरच तो आदेश बदलला, त्यानंतरच रक्ताचे नमुने बदलल्याचं प्रकरण बाहेर आलं आणि डॉक्टरांना अटक झाली. लोक ओरडले नसते तर? बेळगावात बसून चर्चेला नावं ठेवणं सोपं आहे. ओरडणं हेच कधीकधी एकमेव हत्यार असतं.

वकील, कोर्ट रोड
मंगळवार पेठ, मान्य. खरंच मान्य. फक्त एक बघा. सगळा देश निबंधावर हसत होता. विनोद झाले, स्पर्धा झाल्या. पण निबंध ही जामिनाची अट होती, खटल्याचा जीव त्या बाटलीत होता. ती बाटली बदलली असं आरोपपत्र सांगतं, आणि ते तपासानं उघड केलं. पहिल्या दिवशी स्टुडिओत बसलेल्यानं "नमुना किती वाजता, कुणी, कुणाच्या ताब्यात दिला?" एवढं विचारलं असतं तर मी त्याला वाकून नमस्कार केला असता.

मंगळवार पेठ
पहिल्या दिवशी ते माहीत कुणाला असतं?

वकील, कोर्ट रोड
उत्तर माहीत नसतं. प्रश्न तरी विचारता येतो की.

येळ्ळूर ते लंडन
घाईचं उदाहरण म्हणजे टायगर वूड्स. मे २०१७, फ्लोरिडा, थांबलेल्या गाडीत झोपलेला सापडला. तो सुजलेल्या डोळ्यांचा फोटो जगभर गेला आणि सगळे म्हणाले दारू. श्वासाच्या चाचणीचा आकडा ०.०००. औषधं होती, वेदनाशामक आणि झोपेची. शेवटी त्यानं बेदरकार गाडी चालवल्याचा कमी गुन्हा कबूल केला. आपल्या १८५ मध्येही अमली द्रव्याचा वेगळा भाग आहे, पण यंत्र त्याला पकडत नाही.

आणि अमेरिकेत खेळाडूला कोर्टाआधी संघटना धरते. फेल्प्स २०१४ मध्ये बाल्टिमोरला सापडला, ४५ च्या रस्त्यावर ताशी ८४ मैल, आकडा ०.१४ टक्के. आठवड्यात जलतरण संघटनेनं सहा महिने बाहेर काढला, २०१५ च्या कझानच्या जागतिक स्पर्धेतूनही नाव गेलं. कोर्टानं डिसेंबरात एक वर्षाची स्थगित शिक्षा आणि १८ महिने देखरेख दिली. २०१६ ला रिओत परत पाच सुवर्ण. १९ वर्षांचा असताना २००४ मध्येही तो असाच सापडला होता, हे मात्र त्या पाच सुवर्णांच्या दिवसांत फारसं कुणी काढलं नाही.

पैलवान गडी
पाच सुवर्ण! बघा, खेळाडू सुधारतो.

अनगोळची मंजू
पैलवानदादा, त्याच्या गाडीपुढं कुणी नव्हतं म्हणून. अमेरिकन फुटबॉलचा हेन्री रग्स बघा. नोव्हेंबर २०२१, लास वेगस, ताशी १५६ मैल, २३ वर्षांची मुलगी जळून गेली. २०२३ मध्ये ३ ते १० वर्षांची शिक्षा. तिथंसुद्धा बचावाची हरकत कशावर होती? रक्त घ्यायची परवानगी नीट मिळवली होती का यावर. ताशी १५६ मैलांवर कुणी वाद घातला नाही, वाद बाटलीवर.

निपाणीची लेक
पहिल्यांदाच लिहितेय. सगळं वाचलं. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

माझ्या वडिलांना चिक्कोडी रोडला गाडीनं उडवलं, पावसाळ्याच्या सुरुवातीला. ते सायकलवरून तंबाखूच्या वखारीतून घरी येत होते. चालवणारा आमच्या भागातला नावाजलेला कबड्डीपटू. नाव लिहीत नाही. जत्रेच्या कमानीवर त्याचा फोटो असायचा. वडील वाचले, पण डावा पाय दोन इंच आखूड झाला. सायकल गेली, वखारही सुटली.

आमच्या गावच्या केबलवर त्यावर चर्चा झाली होती. एक वकील म्हणाले, "उमद्या खेळाडूचं आयुष्य एका चुकीनं उद्ध्वस्त होऊ नये." आईनं टीव्ही बंद केला. दोन वर्षांनी दंड भरून तो मोकळा झाला. पिऊन होता हे सिद्धच झालं नाही. त्याच्या गाडीतला वास वडिलांना आजही आठवतो.

कागद सगळे घरी आहेत, ट्रंकेत. कन्नडमध्ये. मी मराठी शाळेत शिकले, अक्षरं लावत लावत वाचता येतं, पण कोर्टाचं कन्नड समजत नाही. आमच्या वकिलांनी कधी वाचून दाखवलं नाही, आम्हीही विचारलं नाही. वकीलसाहेब, त्यात बघण्यासारखं काय असतं?

वकील, कोर्ट रोड
ताई, निकाल आता बाजूला ठेवा. तीन कागद काढा. एक, अटकेचा मेमो. दोन, डॉक्टरांचा दाखला, त्यावर तपासणीची वेळ असते. तीन, नमुना प्रयोगशाळेकडं पाठवल्याचं पत्र, असेल तर. तिन्हींवरचे फक्त आकडे वाचा. आकड्याला भाषा लागत नाही. मजकूर अडला तर मला दाखवा, मी शब्दाला शब्द मराठीत सांगेन. फीचं नाव काढू नका.

आणि वडिलांच्या नुकसानभरपाईचा दावा अपघात न्यायाधिकरणात घातला होता का? तो फौजदारी निकालावर अवलंबून नसतो. चालक प्यालेला होता असं विमा कंपनी म्हणाली तरी कोर्ट तिला आधी जखमीला द्यायला लावू शकतं आणि मग गाडीमालकाकडून वसूल करायला सांगतं.

निपाणीची लेक
दावा घातला होता, थोडे मिळाले. त्यातनं पायाचं दुसरं ऑपरेशन झालं. कागद रविवारी काढते.

निवृत्त जमादार
पोरी, ठाण्याचं नाव इथं लिहू नकोस. पण वाच.

मंगळवार पेठ
ताई, आधीचा माझा आवाज जरा चढला होता. तुम्ही लिहिलंत हे बरं केलंत.

खानापूरचा वाघ्या
मी पण बाटल्यांचं मागं घेतो.

निपाणीची लेक
काढले. ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांचा वास लागलाय कागदांना.

अटकेची वेळ रात्री ९:४०. डॉक्टरांच्या दाखल्यावर १:१०. दाखल्यात एक ओळ आहे, ती मी भावजयीकडून वाचून घेतली, ती धारवाडकडची आहे. ‘श्वासाला मद्याचा वास, चाल व्यवस्थित.’ रक्त घेतल्याचा कागदच नाही. पाठवल्याचं पत्र नाही.

वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "एक वाजता मला ऑपरेशनला आत घेतलं. त्या आधी स्ट्रेचरवर असताना तो बाहेरच्या बाकावर बसून चहा पीत होता. बशीतनं. मी बघितलंय." मग म्हणाले, "साडेतीन तास तो तिथंच होता तर. आणि डॉक्टर तर आतच होता."

वकील, कोर्ट रोड
९:४० ते १:१०. ताई, तुमच्या या दोन कागदांत पाऊण तासाच्या चर्चेपेक्षा जास्त कायदा आहे. मुदती आता उलटून गेल्या असतील, खोटी आशा लावत नाही. पण कागद घेऊन या. महजर मला पूर्ण वाचायचा आहे.

डॉक्टर, शहापूर
रक्त का घेतलं नाही याचं कारण दाखल्यावर लिहायला हवं होतं. आमच्या पेशातल्या माणसाचं हे काम, म्हणून लाज वाटते.

टिळकवाडीकर
धागा मीच काढला होता, म्हणून शेवटी एक सांगतो. ताईंचं वाचल्यावर रात्री ती चर्चा परत लावली, या वेळी फक्त त्या चौथ्या बाईंसाठी. त्यांना पाऊण तासात दोनदाच बोलता आलं. पहिल्यांदा "नमस्कार". दुसऱ्यांदा अडतिसाव्या मिनिटाला, तिसरे वकील जाहिरातींच्या करारावर बोलत असताना त्यांनी मध्येच विचारलं, "पण रक्ताचा नमुना किती वाजता घेतला होता?"

निवेदक म्हणाला, "फारच महत्त्वाचा मुद्दा, एका छोट्या ब्रेकनंतर येऊ." ब्रेकनंतर विषय बदलला होता.

कुंदाप्रेमी
पहिल्याच प्रतिसादात म्हटलं नव्हतं?